फेरातली सहावी

नगर,
१४ नोव्हेंबर १९७२

ती. आत्यास शामकांतचा साष्टांग नमस्कार.

दिवाळी कशी झाली? इथं रेशनच्या दुकानापुढं अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीसाठी रांगा, त्यात दिवाळी आली कधी आणि गेली कधी ते कळलंच नाही. कुमुदची पाठ थंडीनं पुन्हा धरली आहे.

पत्राचं कारण कचेरीतलं आहे, पण पत्र खाजगी आहे. ते कोणाला दाखवू नकोस. जिल्ह्यातल्या दवाखान्यांची औषधांची मागणीपत्रकं माझ्या टेबलावरून पुढं जातात. आपल्या कुसळवाडीच्या दवाखान्याची मागणी जूनपासून उतरते आहे. गुडघ्याला चोळायचं तेल, दुखण्याच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, पूर्वी जे लागायचं त्याचा तिसरा हिस्साही लागत नाही. आणि हे सगळं घेणाऱ्या बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. दुष्काळानं बाकी सगळीकडे मागणी वाढली असताना कुसळवाडीत म्हाताऱ्यांना काही होईनासं झालं, हे साहेबांना पटत नाही. त्यांनी लाल पेन्सिलीनं लिहिलंय, ‘रोगी नसतील तर दवाखाना कशाला?’ खडीच्या कामावर मजुरांची छावणी पडली आहे. कपाटासकट दवाखाना तिकडे हलवावा, असं त्यांच्या मनात आहे.

कंपाउंडर भिमाजी नेमकं काय करतो? तू समोरच राहतेस, म्हणून विचारतो. मीच येऊन पाहिलं असतं, पण रजा मिळत नाही.

तुझा,
शामकांत


कुसळवाडी, ता. जामखेड,
२२ नोव्हेंबर १९७२

चि. शामकांत यास आत्याचे आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. म्हाताऱ्या बऱ्या झाल्या म्हणून दवाखाना काढून न्यायचा, हे डोकं सरकारी कचेरीतच चालायचं. हा दवाखाना गावात यावा म्हणून मी वर्षभर तालुक्याला चपला झिजवल्या आहेत. का झिजवल्या, ते तुला सांगायला नको. तो मी सुखासुखी जाऊ देणार नाही, एवढं तुझ्या साहेबांना सांग. किंवा नको सांगूस, तुझी नोकरी आहे.

आता घडलं ते सांगते. उन्हाळ्यात दुष्काळी काम निघालं. तरण्या बायका खडी फोडायला गेल्या. मुकादमानं म्हाताऱ्यांना हाकलून दिलं. शेतात काम नाही, घरात दाणा नाही, मग त्या सकाळपासून दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसायच्या. एकीचा गुडघा, दुसरीची कंबर, तिसरीचा दमा. भिमाजी बाटलीचं बूच काढायचा आणि लावायचा, एवढंच त्याचं काम. मला दिसत होतं की दुखणं अर्धं खरं आहे आणि अर्धं नुसतं बसून राहण्याचं आहे. तीस वर्षं मी पोरींची कवायत घेतली. जूनमधे एका सकाळी शिट्टी गळ्यात अडकवली आणि सगळ्यांना पटांगणात उभं केलं.

‘सावधान!’ म्हणाले, तर राहीबाई म्हणते, ‘बाई, ह्या वयात कुनाशी लगीन लावताय?’ अर्धा तास हसण्यात गेला. त्या हसण्यानंच बहुतेक निम्मं औषध वाचलं असेल.

एकट्या उभ्या राहिल्या की तोल जातो, म्हणून हात धरून फेर करायला लावला. सूर्य उगवला की सुरू. पाय उचलायचा, आपटायचा, वाकायचं, हात वर, पुन्हा फेर. एकही दिवस खाडा नाही. महिन्याभरात रतनबाई काठी विसरून घरी गेली. बनुबाईची रात्रीची गोळी सुटली. एकमेकींना बोलवायला जातात, एखादी आली नाही तर घरी जाऊन ओढून आणतात. सगळ्या मिळून बाराजणी आहेत. शेवटी प्रत्येकीनं आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे कोणी मधेच सटकत नाही. शेवटचा आकडा येईल तो भिमाजी वहीत लिहितो.

झालं समाधान? कुमुदलाही सांग, पाठ धरली तर पडून राहू नकोस.

इंदूआत्या


नगर,
१ डिसेंबर १९७२

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. त्यातली माहिती मी टिपणात घातली आणि पुराव्याला भिमाजीची वही मागवली. तिथंच घोटाळा झाला. तू बारा म्हणतेस, वहीत रोज तेरा आहेत. जूनपासून एकही दिवस बारा नाही. साहेब म्हणाले, ‘बघा, नोंदीच खोट्या.’ भिमाजीची नोकरी आणि दवाखाना दोन्ही त्या एका आकड्यावर येऊन ठेपले.

दोन दिवस विचार केला आणि काल चहा पिताना एकदम उलगडा झाला. राहीबाई! तिच्या नवऱ्याचं नाव सहादेव. माझ्या लहानपणी ती आपल्याकडे वांगी द्यायला यायची, तेव्हा पाच मोजून झाली की म्हणायची, ‘पाचावर एक’. सहादेवअण्णा वारले तरी तिच्या तोंडून सहा हा आकडा कधी आला नाही. ती फेरात सहावी उभी राहत असणार. पाचानंतर ती सरळ सात म्हणत असणार. पुढच्या सगळ्यांचा आकडा एकानं वाढतो आणि बाराजणींच्या तेरा होतात! मोठ्यानं हसलो. कुमुदला वाटलं, मला वेड लागलं.

तिला दुसऱ्या जागी उभी कर आणि वही सुधारून घे. साहेब जानेवारीत तपासणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर बाराच झाले पाहिजेत.

तुझा,
शामकांत


कुसळवाडी,
१३ डिसेंबर १९७२

चि. शामकांत यास आशीर्वाद.

तुझं डोकं चांगलं चालतं, यात वाद नाही. राहीबाई सहावीच होती, आणि सात म्हणत होती. सहा महिने माझ्या कानांना ते कळलं नाही. शिक्षिका म्हणून मला लाज वाटली.

पण पुढं झालं ते ऐक. मी राहीबाईला तिसरी उभी केली. तीन म्हणायला तिची हरकत नाही. सहाव्या जागेवर रतनबाई आली. तिचा नवरा आसाराम, त्याचं नाव कुठल्याच आकड्यात येत नाही. नंबर सुरू झाले. बनुबाई म्हणाली, ‘पाच.’ मग रतनबाई म्हणाली, ‘सात.’

मी थांबवलं. म्हटलं, ‘रतनबाई, तुझा नंबर सहा.’

ती म्हणाली, ‘बाई, सहा झालं की. तुमी ऐकलं न्हाई व्हय?’

ऐकलं होतं, शामकांत. सहा म्हटलेलं मी स्पष्ट ऐकलं होतं. म्हणून तर मी रतनबाईच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि ते मिटलेलं होतं.

पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. पाच, सहा, सात, आणि शेवटची तेरा. डोकी मोजली तर बारा. मग माझ्या लक्षात आलं की बनुबाई आणि रतनबाई यांच्यामधे एका माणसाचं अंतर आहे. दोघींचे हात बाजूला पसरलेले आणि बोटं वळलेली. मी ओरडले, ‘हात का सोडलेत?’ बनुबाई म्हणाली, ‘सोडलाय कुटं? धरलाय की.’ कोणाचा हात धरलाय, विचारलं. ती म्हणाली, ‘कुनाचा का आसंना, ऊन हाय.’

मी भित्री बाई नाही. पण त्या उजेडात, कोवळ्या उन्हात, माझ्या अंगावर काटा आला. मी विश्राम म्हणाले आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मग खाली पाहिलं. पाऊस नाही, पटांगणात धूळ घोट्याएवढी झाली आहे. प्रत्येकीचं पाऊल मी ओळखते, रोज तेच बघत असते. त्यात एक जादा आहे. उजवं पाऊल नीट उमटलेलं, आणि डाव्याच्या जागी नुसती ओढलेली रेघ. सबंध फेरभर.

आता तू ये. कचेरीचं काम म्हणून नको. असाच ये.

आत्या


नगर,
२३ डिसेंबर १९७२

ती. आत्यास नमस्कार.

पत्र मिळालं. असलं काही तू लिहावंस याचं आश्चर्य वाटलं. उपाशी पोट, वय आणि धूळ, यांनी माणसाला काहीही दिसतं. दोन बायकांनी हात ताणून धरले, एकीच्या तोंडून दोन आकडे गेले, यापलीकडे यात काही नाही.

डावा पाय ओढत चालणारं गावात कोण आहे, मला आठवत नाही. असेल कोणी वाटसरू.

साहेब १८ जानेवारीला येणार हे पक्कं झालं आहे. मला त्यांच्याबरोबर यावंच लागेल. हे पायांचं वगैरे त्यांच्यापुढं बोलू नकोस, आणि बायकांनाही बजावून ठेव. दवाखाना राहावा असं तुला वाटतं ना?

शामकांत


कुसळवाडी,
१ जानेवारी १९७३

शामकांत,

तुला आठवत नाही. बरं. मग मी आठवण करून देते.

तुझ्या आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालायची. तू ते पाहिलं आहेस. त्या पायानंच ती सकाळ-संध्याकाळ गाडीच्या थांब्यापर्यंत जायची. मी तुला दोन पत्रं लिहिली की वहिनीचं काही खरं नाही, येऊन जा. तू औषधासाठी मनीऑर्डर पाठवलीस आणि खाली लिहिलंस, दिवाळीला येतो. औषध जामखेडला आणि ती इथं. आश्विनात तिची छाती भरून आली. आसारामानं बैलगाडी जुंपली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. जामखेडचा ओढा ओलांडला आणि ती गेली. तोवर तिनं तीनदा विचारलं, ‘शाम आला का?’ मी तीनदा येतोय म्हणाले. खोटं बोलले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला, दीड तास झाला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मी मनात म्हणत होते, शामकांत आता तरी तोंडानं काही बोलेल, आईला काही वचन देईल. तू घड्याळ पाहिलंस. चारची गाडी होती. तू गुरुजींच्या कानाशी लागलास, त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि तुला गाडी मिळाली. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सगळ्यांना माहीत आहे फेरात कोण आहे. मलाच शेवटी कळलं. त्या भीत नाहीत. राहीबाई म्हणते, ‘वैनीबाई हाताला धरून फिरवत्यात, मग पाय आपसूक पडतो.’ राहीबाईनं नवऱ्याच्या नावापायी सहा महिने एक जागा रिकामी सोडली होती. तुझ्या आईचे यजमान विष्णुपंत. तिला सहा म्हणायला कसली अडचण?

कवायतीनं म्हाताऱ्या बऱ्या झाल्या, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण त्या एकही दिवस चुकत नाहीत त्या कोणाच्या हाताला धरून, ते आता मला कळलं आहे. साहेबांपुढं मी काही बोलणार नाही. तू काळजी करू नकोस.

आत्या


नगर,
२५ जानेवारी १९७३

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझ्या मनासारखं झालं. दवाखाना कुसळवाडीतच राहणार, तसा लेखी शेरा साहेबांनी दिला आहे. वही आणि फेर दोन्ही जुळले म्हणून ते खूश आहेत. नंबर सुरू असताना ते मान खाली घालून लिहीत होते. शेवटच्या बाईनं तेरा म्हटलं, त्यांनी तेरा लिहिलं. डोकी त्यांनी मोजलीच नाहीत. ‘औषधाचा खर्च निम्म्यावर येतो आणि त्याला लागते फक्त एक शिट्टी,’ असं गाडीत बसेपर्यंत म्हणत होते. आणखी चार गावांना तसं पत्र जाणार आहे.

मी ओट्यावर कागद धरून उभा होतो. मला काय ऐकू आलं, ते विचारू नकोस. तू चहाला थांब म्हणालीस आणि मी थांबलो नाही, त्याबद्दल रागावू नकोस.

साहेब जीपनं पुढं जामखेडला गेले. मी एस. टी. नं परत आलो. गाडीत खूप गर्दी होती, लोक दांड्याला लोंबकळत होते. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. नगर येईपर्यंत तिथं कोणी बसलं नाही. कंडक्टरनंही कोणाला सांगितलं नाही.

कुमुदची पाठ आता बरी आहे.

तुझा,
शामकांत


कुसळवाडी,
९ फेब्रुवारी १९७३

चि. शामकांत यास आशीर्वाद.

दवाखाना राहिला, तुझे उपकार झाले. पण तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी बनुबाई म्हणाली, ‘पाच’, आणि मग कोणीच काही म्हणेना. मी म्हटलं, ‘सहा कोण?’ रतनबाई आपल्या हाताकडे बघत उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, हात न्हाई.’

त्या दिवशी बारा झाले. तेव्हापासून बाराच होतात, आणि आता तेवढेही होत नाहीत. रतनबाईनं काठी पुन्हा घेतली. बनुबाई उठत नाही, म्हणते गुडघ्यात दगड भरलेत. राहीबाईचा दमा असा उसळला आहे की आमच्या ओसरीवर ऐकू येतो. मी शिट्टी वाजवते, घरोघर जाते, हाताला धरते. माझा हात त्यांना पुरत नाही. भिमाजीचं तेल पंधरा दिवसांत संपलं. वाढीव मागणीचा कागद तुझ्या टेबलावर आला असेलच.

तू गेलास त्या संध्याकाळी मी पटांगणातून थांब्यापर्यंत चालत गेले. तुझ्या बुटांचे ठसे होते. त्यांच्या डाव्या बाजूनं ती रेघ होती. थांब्यापाशी ठसेही संपले आणि रेघही.

शामकांत, वहिनी तुझ्याकडे आहे का?

आत्या


नगर,
१७ फेब्रुवारी १९७३

ती. आत्यास नमस्कार.

तू विचारतेस तसं इथं काही नाही. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, फरशीवर पाऊल उमटत नाही. फेब्रुवारीत ऊन चढलं की म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं. तेलाची आणि गोळ्यांची जादा मागणी मंजूर करून आजच पाठवतो. आणखी लागलं तर कळव.

शामकांत

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

आत्याबाईंना कुमुदचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून लिहिते. ह्यांनी लिहिलं ते खरं नाही. रोज सूर्य उगवताना हे अंगणात उतरतात आणि डावा हात बाजूला धरून गोल फिरतात. हळू चालतात, दुसऱ्याच्या चालीनं चालावं तसं. मधेच थांबतात, वाट बघतात, पुन्हा चालतात. फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज येतो. हे तर अनवाणी असतात. गावाहून आले त्याच आठवड्यात मी विचारलं, तर म्हणाले, ‘तूही ये, पाठीला बरं वाटेल.’ मी गेले. माझा हात कोणीतरी धरला. सासूबाई बांगड्या भरायला न्यायच्या तेव्हा धरायच्या तसाच, अंगठ्यावर अंगठा ठेवून. पाठ खरंच दुखायची राहिली. मला भीती वाटते, पण त्यांना जा म्हणवत नाही. काय करू, ते सांगा.


कुसळवाडी,
२४ फेब्रुवारी १९७३

चि. शामकांत, चि. सौ. कुमुद, दोघांना आशीर्वाद.

कुमुदला रागावू नकोस. तिनं लिहिलं ते बरं केलं.

राहीबाई गेली. परवा सकाळी. औषध होतं, तू पाठवलेली नवी बाटली उशाशी होती, भिमाजी तिच्यापाशी बसून होता. त्यानं काही झालं नाही. शेवटी तिनं डोळे उघडले आणि मोठ्यानं म्हणाली, ‘सहा.’ चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याला हाक मारली की तुझ्या आईला, कोण सांगणार.

मी तुला फार बोलले मागं एका पत्रात. ते परत घेत नाही. पण आईनं तुझा हात धरावा आणि तू तो सोडू नयेस, हे मला कळतं. दोन वर्षं तुला झोप लागली नसेल, हेही कळतं. तरी सांगते, तुला ती एकट्याला हवी आहे, आणि इथं अकराजणींना हवी आहे. तिला घेऊन ये. तू स्वतः ये, हात धरून, आणि या पटांगणात तिच्याबरोबर एक फेर घाल. ती एवढ्यासाठीच तुझ्यामागं आली असेल. मग ती राहते की जाते, ते तिचं तिला ठरवू दे.

उशीर करू नकोस. रतनबाई आता अंथरुणावरच आहे.

आत्या


नगर,
५ मार्च १९७३

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

राहीबाईचं वाचून रडलो. लपवण्यात आता अर्थ नाही. ती इथं आहे. माझ्याशी बोलत नाही, एक अक्षरही नाही. फक्त सकाळी हात देते. मी रोज तिची माफी मागतो. दर्भाच्या कावळ्याची मागतो, मनीऑर्डरीची मागतो, त्या चारच्या गाडीची मागतो. तिचा हात ऊन असतो, आत्या. बनुबाई म्हणाली ते खरं आहे. कचेरीत दिवसभर मी तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवतो, ऊब जाऊ नये म्हणून. तूच सांग, मी तिला परत कशी पाठवू?

पण तुझं म्हणणं खरं आहे. काल कुसळवाडीचं नवं मागणीपत्रक आलं. एकेका औषधापुढं मला एकेकीचा चेहरा दिसला. मी आज सकाळी आईला सांगितलं, ‘आई, मी तुला घेऊन गावाला जाणार. तुझ्याबरोबर फेर घालणार.’ तिनं माझा हात घट्ट दाबला. इतका घट्ट की बोटं दुखली. तिला फार आनंद झाला असावा.

मार्चअखेर आली आहे. सगळ्या दवाखान्यांचे वर्षाचे हिशेब बांधायचे आहेत, साहेब एका दिवसाचीही रजा देणार नाहीत. ते मी तिला समजावून सांगितलं. एकतीस तारीख झाली की पहिल्या गाडीनं आम्ही तिघंही येतो. तेवढे दिवस रतनबाईला धीर दे.

तुझा,
शामकांत


(पोस्टकार्ड)

कुसळवाडी,
११ मार्च १९७३

चि. शामकांत यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. वहिनी काल सकाळीच आली. अकराजणी होत्या, शेवटची बारा म्हणाली. रतनबाईला दोघींनी धरून आणलं होतं, ती आपल्या पायांनी घरी गेली.

आसाराम गुरांच्या छावणीहून येत होता. त्यानं नगरच्या वाटेवरच्या कडा गावापासून इथवर रस्त्याच्या कडेला धुळीत ती रेघ पाहिली. गाडीनं नाही, चालत आली. तू तिला मार्चअखेरचं सांगितलंस, त्याच दिवशी निघाली असावी. त्या पायानं एवढ्या वाटेला पाच दिवस लागतातच.

तुझी कचेरीची कामं सावकाश होऊ देत. ती आता थांब्यावर जात नाही.

आत्या